दुखवट्याचा आहेर आणि मी मोडकी दमणी

इतकी वर्षं झाली, पण इंद्रभान आमच्या दारी चूक कबूल करायला एकदाही आला नाही. माणसं धाडली. वकील धाडला. बापाला धाडलं. एकदा तर नुसता नारळ धाडला. पण ज्यानं केलं त्यानंच येऊन उंबऱ्याशी खाली मान घालून उभं राहावं, एवढी साधी रीत त्याला कुणी शिकवली नाही. आमच्या गावात शेजाऱ्याचं वासरू मेथीच्या वाफ्यात शिरलं तरी धनी येऊन म्हणतो, "चुकलं माय, यंदा सांभाळून घे." हा तर हातापायानं धड माणूस मारून गेला आणि घरी जाऊन झोपला.

मित्रांनो, ही तक्रार करणारी मी कुणी बाई नाही. चिखली तालुक्यातल्या अमडापुरात एका लिंबाखाली उभी असलेली मी जुनी दमणी आहे. तुम्ही मोटारीत बसणारी पोरं, तुम्हाला दमणी कुठून ठाऊक असणार! माल वाहते ती बैलगाडी आणि माणसं वाहते ती दमणी. बांधा लहान, चाकं हलकी, वर बांबूच्या कामट्यांचं छप्पर. बैलगाडी रस्त्यानं जाते आणि दमणी मिरवत जाते, एवढा फरक आहे. गर्व म्हणा हवं तर. मला मान्य आहे.

माझी मालकीण तानुबाई. नवरा लवकर गेला. विहिरीजवळचा भाजीचा तुकडा आणि कारभारी नावाचा एक लेक एवढं मागं ठेवून गेला. तानुबाईनं वांगी, मिरच्या, मेथी पिकवली आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजार केले. लेकाचं लग्न ठरलं तेव्हा तिनं कचरू सुताराला बोलावून सांगितलं, "माही सून दमणीत बसून येईल. लाकूड सागाचं पाह्यजे, अन् काम असं कर का लोकाईनं वळून पाह्यलं पाह्यजे."

कचरू माझं काम करत होता तेव्हा ती समोर बसून राही. बिचाऱ्यानं बिडी पेटवली तरी तिची नजर त्याच्या हातावर.

"कचरू, चाकाचा आरा ढिला बसला तं तुह्याच दारात आनून टाकीन."

"वहिनी, तुम्हीच घ्या ना वाकस हातात, मी भाजी निंदतो."

"तुले मेथी अन् गवत वळखू येते काय बे?"

गावात कुजबुज झालीच. शेजारची गोजरबाई पाण्याला जाता जाता म्हणाली, "भाजीवालीले दमणी कायले व माय?" तानुबाईनं जागेवरून न उठता उत्तर दिलं, "भाजी डोक्यावर वाह्यली, आता सूनबी डोक्यावर वाहू काय?"

अशी मी तयार झाले. पुष्पा नवरी होऊन माझ्यातच बसून आली. पुढं तिची लेक मंजुळा झाली, तिचं जावळ काढायला आम्ही शेगावला गेलो तेव्हा वाटेत मुक्काम करावा लागला, आणि मुक्कामाच्या गावची माणसं माझ्याभोवती फिरून फिरून माझी चाकं पाहत होती. कुणाची लेक सासरी पोचवायची असली, कुणाची म्हातारी दवाखान्यात न्यायची असली की कारभारी बैल जुंपे. पैसे कधी मागितले नाहीत. फार बोलणारा गडी नव्हता तो. बैलांशी बोले तेवढं बोलणं. पण एक गोष्ट तो कधी विसरला नाही. ऊन उतरायला लागलं की माझ्या पाठीमागं कंदील टांगायचा. उजेड असला तरी टांगायचा. म्हणायचा, "आपल्याले रस्ता दिसते. मागच्याले आपन दिसलो पाह्यजे."

त्या दिवशी त्यानं आपल्या मावशीला चिखलीच्या एस्टी स्टँडवर सोडलं आणि आम्ही परत निघालो. दिवेलागण होत होती. कंदील लागलेला होता, हे मी शपथेवर सांगते, कारण तो माझ्याच पाठीला टांगलेला होता. मागून जीप आली. कुठल्याशा लग्नाची जेवणं उरकून निघालेली, आत माणसं दाटलेली, गाणी चाललेली. रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जात होती. कारभारीनं मागं वळून पाहिलं आणि बैल खाली शेताकडं वळवायला लागला. तेवढ्यात जीपनं माझ्या पाठीत धडक दिली.

माझी मागची बाजू फुटली, डावं चाक आडवं झालं. कारभारी माझ्यावरून पुढं फेकला गेला तो उठलाच नाही. जीप थोडी पुढं जाऊन खड्ड्यात कलली. आतून माणसं उतरली. हाकणारा इंद्रभान, चिखलीकडच्या एका बड्या शेतवाल्याचा, वामनराव पाटलांचा लेक. त्याला दोघांनी बगलेत धरलं होतं, कारण त्याचे पाय त्याचं ऐकत नव्हते. वास असा की माझे बैलसुद्धा तोंड फिरवून उभे राहिले. आजूबाजूच्या शेतांतली माणसं धावत आली. सगळ्यांनी पाहिलं.

आणि दुसऱ्या दिवशी कुणीच काही पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, त्या काळी आपल्या राज्यात दारूबंदी होती. त्यामुळे झालं असं, की दारूच नव्हती. दारू नव्हती म्हणून प्यालेला कुणी नव्हता. आणि प्यालेला कुणी नव्हता म्हणून आमचे बैल बुजले होते! लग्नातल्या पाहुण्यांना खरं बोलायचं तर आधी सांगावं लागलं असतं की आम्हीही तिथंच बसलो होतो आणि पेले कुणी भरले. शेतांतल्या माणसांना पाटलांशी वैर परवडत नव्हतं. मग कोण बोलतो? पंचनाम्यात आलं, गाडीवान पेंगला असावा, बैल बुजून रस्त्याच्या मधोमध आले. माझी पाठ मागून फुटलेली डोळ्यांपुढं होती, पण लाकडाला कोण विचारतो?

कारभारीची तेरवी आली, म्हणजे तेरावा दिवस. इथं आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलं. तेरवीला सोयरेधायरे दुखवट्याचा आहेर आणतात. ताटात लुगडं, दुपट्टा, ज्याच्या त्याच्या ऐपतीनं थोडे पैसे. हे ताट कुणी परत धाडत नाही. दुःखाच्या दारातून ताट माघारी गेलं तर ते अशुभ. आणि घेतलेला आहेर ठेवूनही घ्यायचा नाही. देणाऱ्याच्या घरी तसाच प्रसंग आला की तो फेडायचा.

तर तेरवीला वामनराव पाटील स्वतः आले. पांढराशुभ्र फेटा, सोबत चार माणसं. ताटात काठापदराचं लुगडं आणि लुगड्याखाली नोटा. अंगणात पुरुषांत बसले होते तानुबाईचे दीर उकंडराव. एवढा मोठा माणूस आपल्या ओट्यावर टेकला याचंच त्यांना भरून आलं. दोन्ही हातांनी ताट घेतलं, वर चहा पाजला. तानुबाई आत बायकांत बसलेली. तिला कळलं तेव्हा जीप वेशीबाहेर गेली होती.

"हे काय आनलं भाऊजी?"

"पाटलाचा आहेर हाये, वहिनी. मोठ्या मनाचा मानूस! रडला बिचारा."

"त्याचा लेक कुठं व्हता?"

"तो... त्याच्या जिवाले बरं नाई म्हने."

"माह्या लेकाच्या जिवालेबी बरं नाई," तानुबाई म्हणाली आणि आत गेली.

मग मामला माझ्यावर आला. ज्या गाडीत माणूस गेला ती दारात ठेवू नये, फोडून जाळावी, असं चार शहाण्यांचं मत पडलं. उकंडराव कुऱ्हाड घेऊन आले. तानुबाई पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली. "हिच्या पाठीवर जे लिवलं हाये ते त्या कागदावर नाई. कुऱ्हाड चालवाची असन तं आधी माह्यावर चालव."

अशी मी वाचले. पण मित्रांनो, वाचणं कसलं ते! तिनं मला ना जाळू दिलं, ना दुरुस्त करू दिलं. मोडक्या पाठीनं लिंबाखाली उभी राहिले. साट्यावर, म्हणजे माणसांच्या बसायच्या जागेवर, कोंबड्या बसू लागल्या. चाकाला वाळवी चढायची, ती मात्र तानुबाई रोज सकाळी झाडूनं काढायची आणि चाक पुन्हा जिथल्या तिथं आडवं ठेवायची. मला तिचा राग यायचा. मी धावण्यासाठी जन्मलेली, मला तिनं साक्षीदार करून ठेवलं. मंजुळा माझ्यात बसून "चला शेगावले!" म्हणायची तेव्हा तर माझं लाकूड न लाकूड कळवळायचं.

चिखलीच्या एका वकिलानं सांगितलं, मोटारीनं माणूस मेला तर घरच्यांना भरपाई मिळायचा कायदा आहे. अर्ज बुलढाण्याला करावा लागेल. तानुबाईनं पुष्पाचा आणि आपला अंगठा उमटवून अर्ज केला. तिला पैशाचा मोह नव्हता असं मी म्हणणार नाही. मोह नाही, गरज होती. मोटेवर उभा राहणारा गडी गेला होता. वाफे वाळत होते. पुष्पा दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायला लागली होती, आणि तानुबाईला ते दिसलं की ती भाकरी अर्धी टाकून उठायची. माझ्या घरची सून मजुरीला! ज्याच्यामुळे ही वेळ आली त्यानं ही चूल चालवावी, एवढंच तिचं म्हणणं. त्यात चूक काय?

पलीकडच्या वकिलानं उत्तर दिलं. एक, बैल बुजले. दोन, भरपाई केव्हाच दिली. तेरवीला, सगळ्या गावासमोर, ताटात घालून. त्यांनी घेतली, चहा पाजला. तडजोड झालेली आहे.

त्या संध्याकाळी अंगणात जे भांडण झालं ते वेशीपर्यंत ऐकू गेलं.

"तो आहेर व्हता का भरपाई, भाऊजी?"

"आता मले काय मालूम वहिनी? ताट आलं, घेतलं. ताट परतवाचं असते काय?"

"त्यातल्या नोटा कुठं हायेत?"

उकंडराव टोपी काढून डोकं खाजवायला लागले.

"बोला ना! लुगडं तं माह्या पेटीत हाये, घडी मोडली नाई. नोटा कुठं गेल्या?"

"इंजिन बसवाचं व्हतं माह्या विहिरीवर. म्हनलं, पुढं दोघाईच्याबी वाफ्याले पानी होईन..."

"माह्या लेकाच्या मरनावर तुम्ही इंजिन बसवलं? अन् वर म्हनता, पाटील मोठ्या मनाचा!"

उकंडराव वाईट माणूस नव्हते. भोळे होते. पण भोळ्या माणसानं केलेलं नुकसान लबाडापेक्षा महाग पडतं, कारण त्याच्यावर धड ओरडताही येत नाही. तानुबाई तरी ओरडली. बुलढाण्याच्या तारखा पडत राहिल्या. ती एस्टीनं जायची, दिवसभर कोर्टाच्या पायरीवर बसायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायची.

आणि एके दिवशी निरोप आला, वामनराव पाटलांची म्हातारी आई गेली. पिकलं पान होतं, भरल्या घरात गेली. गावातून माणसं तेरवीला निघाली.

तानुबाईनं हातातले चांदीचे गोठ काढले. लग्नात आलेले, नवरा गेल्यावरही न काढलेले. चिखलीच्या सोनाराकडं जाऊन तिनं ते विकले आणि उकंडरावांनी खर्चलेल्या नोटा भरून काढल्या. न्याय मागायला निघालेल्या बाईला आधी स्वतःच पैसे भरावे लागले, मित्रांनो! हे मला आजही गिळवत नाही. मग तिनं कचरूला बोलावलं. "हिले चाक बसवून दे. पाठीले हात लावू नको. पाठ हाय तशीच राहू दे."

उसने बैल जुंपले. उकंडरावांना हाकायला बसवलं, नको नको म्हणत असताना. आणि इतक्या वर्षांनी मी रस्त्याला लागले. पाठ उघडी, छप्पर फाटलेलं, मागची फळी लोंबलेली. लोक वळून पाहत होते. एकदा त्यांनी माझ्या रूपाकडं पाहिलं होतं, आता माझ्या जखमेकडं पाहत होते. ज्या जागी कारभारी पडला तिथं तानुबाईनं गाडी थांबवायला लावली नाही. फक्त म्हणाली, "हाका."

वामनरावांच्या दारात मांडव होता, पंगती बसत होत्या. मी थेट मांडवापुढं जाऊन उभी राहिले. तानुबाई ताट घेऊन उतरली.

"दुखवट्याचा आहेर आनला, पाटील."

वामनरावांनी ताटाकडं पाहिलं. लुगड्याचा काठ त्यांनी ओळखला. "बाई, हे तं... हे आमचंच..."

"तुमचंच हाये. तुम्ही माह्या दुःखात आले व्हते, मी तुमच्या दुःखात आली. लुगडं तेच, नोटा तेवढ्याच. मोजून घ्या."

"याची काई गरज नाई. तुम्ही गरीब मानसं—"

"दुखवट्याचं ताट माघारी धाडता काय, पाटील? आईच्या तेरवीले?"

पंगतीतला एक म्हातारा घास हातात धरून म्हणाला, "घ्या वामनराव. परतवू नये." मागून बायकाही बोलल्या, घ्या, घ्या. शेवटी घरातली एक जुनी बाई पुढं झाली आणि तिनं पदर पसरून ताट घेतलं. रीत ती रीत. ती जशी आमच्यावर उलटली, तशी त्यांच्यावरही उलटली.

"फिटलं," तानुबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "आहेराचा आहेर फिटला. आता भरपाईचं बोला."

त्या दिवशी परत येताना उकंडराव बैल हाकत होते. वेस दिसली तेव्हा म्हणाले, "वहिनी, म्या ते ताट घेयाले नव्हतं पाह्यजे."

"पुढं पाहून हाका," ती म्हणाली. एवढीच तिची माफी.

मांडवातली माणसं साक्षीला होतीच. पाटलांना चहा पाजणारे उकंडरावच आता आहेर फेडल्याची साक्ष देऊन आले. तडजोडीची गोष्ट कोर्टात टिकली नाही. उरलं एकच. बैल बुजले. त्यावर तारखा सुरूच राहिल्या. मी पुन्हा लिंबाखाली. कोंबड्या पुन्हा साट्यावर.

आणि मग, मित्रांनो, एक दिवस इंद्रभान आला. जीप वेशीबाहेर उभी करून पायी आला. अंगावर इस्त्रीचे कपडे, हातात रुमालात बांधलेलं बोचकं. माझ्याजवळून जाताना त्यानं मान दुसरीकडं केली. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, रीत शिकला.

"काकू," ओट्याखाली उभा राहून तो म्हणाला, "तुमच्या अर्जात जेवढे मांगतले तेवढे आनले. वरून आनखीबी देतो. कोर्ट गेलं खड्ड्यात."

तानुबाई शेंगा निवडत होती. "आज काऊन सुचलं?"

"लग्न जुळून राह्यलं. मुलीकडच्याईले कोनं तरी सांगतलं, पोरगा पेते, पिऊन मानूस मारला. ते उद्या इकडं इचाराले येनार हायेत. तुम्ही फक्त एवढं सांगा, का बैल बुजले व्हते. कारभारीचा डोळा लागला व्हता. बस. मेलेल्या मानसाले काय फरक पडते?"

दारात पुष्पा उभी होती. निंदणाचा विळा अजून हातात होता. उकंडराव तानुबाईच्या कानाशी येऊन पुटपुटले, "वहिनी, पैसा सामनं हाये. कोर्ट कवा देईन, देईन का नाई..." आणि ते खोटं बोलत नव्हते. ते बोचकं म्हणजे पुष्पाची मजुरी सुटणं होतं, मंजुळेची शाळा होती, विहिरीला गडी होता. तानुबाईनं सुनेकडं पाहिलं. "पैसा तुहा हाये, पुष्पा. तू सांग."

पुष्पा इतक्या वर्षांत परक्या माणसापुढं कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, "आत्याबाई, मले पैसे पाह्यजेत. लई पाह्यजेत. पन मंजुळा मोठी झाली का मले इचारीन, बाबा कसा मेला? तवा मी काय सांगू? झोपला व्हता म्हनून? त्यानं तं उजेडातबी कंदील लावला व्हता, आत्याबाई."

मित्रांनो, माझ्यासारख्या मोडक्या लाकडाचं एक ऐका. ज्याला स्वतःचे पाय सांभाळता येत नाहीत त्यानं चाकाला हात लावू नये, आणि ज्यानं पाहिलं त्यानं बैलांच्या नावावर खपवू नये. मी दुरुस्त होईन न होईन. रस्त्यानं चालणाऱ्या माणसाची मात्र दुरुस्ती नसते. त्याचं मोल द्यावं लागतं, आणि ते तोंड वर करून नाही, मान खाली घालून द्यावं लागतं. माझं एवढंच मागणं आहे. तानुबाईचं मागणं तिच्या तोंडूनच ऐका.

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. उठून ओट्याच्या कडेला आली. आवाज चढवला नाही.

"इंद्रभान, कोर्टाचा निकाल यायचा तवा येईन. माहा आज आयक. आमच्या बैलाईनं त्या दिवशी चिखलीच्या हौदाचं पानी पेलं व्हतं. तू काय पेला व्हता ते तुले ठाऊक. भरपाई मी सोडनार नाई, कोर्टाची पायरी झिजली तरी नाई. उद्या मुलीवाले येऊ दे, त्याईले ओट्यावर बसवीन, पानी देईन, अन् जे झालं तेच सांगीन. तुले पैसे आताच देयाचे असन, तं या गावासमोर बोल, 'मी पेलो व्हतो, मी मारलं.' एवढं बोलून ठेव, माही सून दोन्ही हातानं घेईन. नाई बोलवत, तं उचल तुहं बोचकं. माह्या मेलेल्या लेकाले झोपाळू ठरवून तुह्या आंगाले हळद लागनार नाई."